गरीब खोऱ्यातलं कार्टरांचं घर

आज आपण जरा लांब जाऊ. अमेरिकेत व्हर्जिनिया नावाचं राज्य आहे, त्याच्या अगदी टोकाला. अमेरिका म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काचेच्या उंच इमारती येतात. इथे त्यातलं काहीच नाही. इथे क्लिंच नावाचा लांबलचक डोंगर आहे, पायथ्याला मक्याची शेतं आहेत आणि मेसेस स्प्रिंग नावाची छोटीशी वस्ती आहे. डोंगराच्या अलीकडच्या खोऱ्याला लोक 'पुअर व्हॅली' म्हणतात, म्हणजे गरीब खोरं. पलीकडे जमीन बरी, म्हणून ती 'रिच व्हॅली', श्रीमंत खोरं. नाव ठेवणाऱ्यांनी आडपडदा ठेवलेला नाही.

या गरीब खोऱ्यात एक लाकडी ओंडक्यांची झोपडी आहे. जवळपास दोन साधी घरं आहेत, एक किराणा दुकान आहे आणि एक छोटं चर्च आहे. अमेरिकन सरकारने ऐतिहासिक वास्तूंची जी यादी केली आहे, तिच्यात या पाचही वास्तू आहेत. झोपडीची नोंद 1976 साली झाली, बाकीच्यांची 1985 साली. इथे ना कुणी राजा जन्मला, ना लढाई झाली. इथे एक कुटुंब राहत होतं आणि ते गात होतं. कार्टर कुटुंब. आज अमेरिकेत गावाकडच्या संगीताला जे मोठं स्थान आहे, त्याचा पाया घालणाऱ्यांत या कुटुंबाचं नाव पहिल्या ओळीत घेतात. कुटुंबात गाणारी-वाजवणारी माणसं मुख्यतः तीन, आणि तिघांतल्या दोघी बायका.

आधी झोपडीतून सुरुवात करू. तिथे 1891 साली ए. पी. कार्टर जन्मला. आठ भावंडं. आई मॉली जुनी गाणी म्हणायची, ती मुलाच्या कानात बसली. पोटुशी असताना तिच्याजवळच्या झाडावर वीज पडली, म्हणून मुलाच्या हातात आणि आवाजात जन्मभर कंप राहिला, असं त्या भागात सांगतात. खरं-खोटं डोंगराला ठाऊक. कंप मात्र खरा होता. मोठा झाल्यावर हा गडी फळझाडांची रोपं विकत गावोगाव फिरायचा. फिरता फिरता डोंगर ओलांडून पलीकडे गेला आणि तिथे त्याला सारा डोहर्टी भेटली.

साराची आई ती लहान असतानाच गेली होती, त्यामुळे ती नातेवाइकांकडे वाढली. ती ऑटोहार्प वाजवायची. हे वाद्य आपल्याकडच्या स्वरमंडळासारखं दिसतं. चपटी पेटी, वर तारा, शिवाय बटणं. बटण दाबलं की नको त्या तारा दबतात आणि हव्या त्याच वाजतात. साराचा आवाज खोल, खणखणीत आणि सरळ होता, उगाच हरकती-मुरक्या नाहीत. 1915 च्या जूनमध्ये दोघांचं लग्न झालं. साराला तेव्हा 17 वं पूर्ण व्हायला महिना बाकी होता. ती डोंगर ओलांडून गरीब खोऱ्यात नांदायला आली.

तिसरी मेबेल. ही साराची मावसबहीण, तिच्याहून जवळजवळ 11 वर्षांनी धाकटी. 1926 साली तिचं लग्न ए. पी.च्या धाकट्या भावाशी, एझ्राशी झालं. म्हणजे मावसबहिणी आता जावाही झाल्या. जावाजावांच्या भांडणाच्या गोष्टी आपण खूप ऐकतो. या दोघींनी मिळून जवळपास 15 वर्षं रेकॉर्डवर गाणी केली.

मेबेल गिटार वाजवायची, आणि तिचं वाजवणं नीट सांगायला हवं, कारण पुढे साऱ्या देशाने ते उचललं. तोवर गिटारचं काम म्हणजे गाणाऱ्याच्या मागे ताल धरणं. मेबेल अंगठ्याने जाड तारांवर गाण्याची चाल वाजवायची आणि त्याच वेळी बोटांनी बारीक तारांवर ताल द्यायची. एकाच हाताने दोन माणसांचं काम. आपल्याकडे एकतारी धरून त्याच माणसाने चिपळ्या वाजवाव्यात, तसंच म्हणा. हे तिला कुठल्या शाळेत कुणी शिकवलेलं नव्हतं. घरात वाजवता वाजवता जे बसलं ते बसलं. आज या पद्धतीला तिथे कार्टरांच्या नावानेच ओळखतात. तिला मोटारसायकल चालवायचीही आवड होती, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आता 1927 च्या उन्हाळ्याकडे येऊ. व्हिक्टर या मोठ्या रेकॉर्ड कंपनीचा राल्फ पीर नावाचा माणूस जवळच्या ब्रिस्टल शहरात आला होता. एका टोप्यांच्या कंपनीच्या जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर त्याने यंत्रं मांडली आणि डोंगरातल्या गाणाऱ्यांना बोलावलं. ए. पी.ने ठरवलं, जायचं. पण गाडी होती एझ्राची, आणि मेबेलला दिवस गेलेले, आठवा महिना उलटत आलेला. एझ्रा नको म्हणाला. त्यावर ए. पी.ने सौदा केला: तुझ्या मक्याची खुरपणी मी करून देतो, पण गाडी दे आणि मेबेलला येऊ दे.

अमेरिकन संगीताच्या इतिहासातला हा मोठा प्रसंग मक्याच्या खुरपणीवर ठरला, याची आम्हांला फार मौज वाटते.

गाडीत कोण कोण होतं ते बघा. ए. पी., सारा, गरोदर मेबेल, साराचं अंगावर पिणारं बाळ ज्यो, आणि त्याला सांभाळायला साराची आठ वर्षांची थोरली लेक ग्लॅडिस. अंतर साधारण 40 किलोमीटर. कच्चा रस्ता, वाटेत पाणी, त्यात टायर पंक्चर. 1 ऑगस्टला संध्याकाळी त्यांनी चार गाणी म्हटली. आतमध्ये आई गाते आहे आणि बाहेर आठ वर्षांची पोर बाळाला खेळवते आहे. ग्लॅडिसचं नाव त्या रेकॉर्डवर नाही. पण ती नसती तर सारा त्या खोलीत उभी राहिली असती का? आपल्या गटाच्या बैठकीला येताना लेकीच्या कडेवर धाकटं देऊन येणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी ए. पी. गायला आलाच नाही. दोघी जावांनीच दोन गाणी केली. त्यातलं एक होतं 'सिंगल गर्ल, मॅरिड गर्ल', म्हणजे बिनलग्नाची मुलगी आणि लग्न झालेली मुलगी. एक नटूनथटून हवी तिथे जाते, दुसरी पाळणा हलवत बसते, एवढाच त्यातला विषय. साराला हे गाणं मुळीच आवडत नव्हतं. म्हणायला ती तयार नव्हती, पीरने आग्रह केला म्हणून तिने म्हटलं. आणि नेमकं तेच लोकांनी उचलून धरलं. ते गाताना तिला काय वाटलं असेल, याचा विचार आम्ही पुष्कळ केला. बाहेर तिचं बाळ, शेजारी दिवस भरत आलेली जाऊ, आणि तोंडात ते गाणं. सहा आठवड्यांनी मेबेलला मुलगी झाली, हेलेन.

एका गाण्याचे 50 डॉलर रोख मिळाले आणि पुढे खपणाऱ्या प्रत्येक रेकॉर्डमागे अर्धा सेंट. गरीब खोऱ्यात 50 डॉलर ही रक्कम थोडी नव्हती. पण खरा पैसा वेगळ्याच ठिकाणी होता, आणि आज आम्हांला मुख्य बोलायचं आहे ते त्याच्याबद्दल.

पीर हुशार माणूस. कंपनीकडून त्याने पगार जवळजवळ घेतलाच नाही. वर्षाला फक्त एक डॉलर. त्याऐवजी त्याने मागितले गाण्यांचे हक्क. गाणं कुणाच्या तरी नावावर नोंदवायचं, मग ते जिथे जिथे वाजेल, छापलं जाईल, तिथून त्याचा वाटा येत राहणार. जमिनीच्या उताऱ्यासारखंच हे, फक्त जमिनीऐवजी गाणं. आता नोंदवायचं तर आधी कुणी न नोंदवलेलं गाणं पाहिजे. त्यामुळे ए. पी.ला सतत नवी गाणी आणावी लागली. तीही कुठून? डोंगरातल्या घराघरांतून.

तो आठवडे-आठवडे फिरत असे. अनोळखी दारात उभा राहायचा, कुणाला जुनं गाणं येतं का विचारायचा. चुलीपाशी बसलेल्या म्हाताऱ्या बायका, शेतातली माणसं, चर्चमधली माणसं, सगळी त्याला गाणी सांगत. तो शब्द कागदावर लिहून घेई, घरी येऊन ओळी जुळवी, तुटलेलं सांधी. पण चाल त्याच्या लक्षात राहत नसे. त्यासाठी त्याला सोबती मिळाला लेस्ली रिडल. हा काळा तरुण संगीतकार होता. सिमेंटच्या कारखान्यातल्या अपघातात त्याचा एक पाय गेला होता आणि बंदुकीच्या अपघातात उजव्या हाताची दोन बोटं. तरी तो उत्तम गिटार वाजवायचा. ए. पी. शब्द लिहायचा आणि रिडल चाल डोक्यात साठवायचा. घरी आला की ती सारा आणि मेबेलला वाजवून दाखवायचा. मेबेल त्याच्याकडून गिटारचं बरंच काही शिकली.

त्या काळी व्हर्जिनियात काळ्या आणि गोऱ्या लोकांना वेगळं ठेवणारे कायदे होते. शाळा वेगळ्या, बसायच्या जागा वेगळ्या. अशा वेळी रिडल कार्टरांच्या घरी येऊन राहत असे. ही त्या घराची चांगली बाजू, ती सांगायलाच हवी. पण गाण्यांवर नाव ए. पी. कार्टरचं लागलं. रिडलचं लागलं नाही, आणि ज्या बायकांनी आपल्या आई-आजीची गाणी काढून दिली त्यांचंही लागलं नाही. पुढे रिडलने वाजवणं सोडून दिलं. 1965 साली माइक सीगर या संगीतकाराने त्याला शोधून काढून त्याचं वादन ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा कुठे जगाला त्याचं नाव कळलं.

एक उदाहरण देतो. 'वाइल्डवुड फ्लॉवर' हे 1928 साली रेकॉर्ड झालेलं त्यांचं सगळ्यांत गाजलेलं गाणं. मेबेलची गिटार ऐकायची तर हेच ऐकावं. मेबेल सांगायची की हे गाणं तिची आई म्हणायची, आणि आईची आईही म्हणायची. मूळ गाणं 1860 साली छापलेलं, शहरातल्या दिवाणखान्यांसाठी. ते डोंगरात गेलं, तोंडातोंडी फिरलं, त्यातल्या फुलांची नावंसुद्धा बदलून गेली. साराने म्हटलेल्या काही शब्दांचा अर्थ आज कुणालाच नीट लागत नाही. तोंडावरच्या गाण्याचं असंच होतं, आपल्या ओव्यांमधले काही शब्द आपल्यालाही कुठे कळतात! मग असं गाणं कुणाचं? छापणाऱ्याचं, मेबेलच्या आजीचं, गाणाऱ्या साराचं, की वाजवणाऱ्या मेबेलचं? कागद म्हणत होता, ए. पी. कार्टरचं.

आम्ही ए. पी.ला चोर म्हणणार नाही. तो पायपीट करून लिहून घेत नसता तर यातली कितीतरी गाणी त्या म्हाताऱ्यांबरोबर मातीत गेली असती. 1927 ते 1941 या काळात तिघांनी मिळून सुमारे 300 गाणी रेकॉर्ड केली, हे त्याच्या हिंडण्यावाचून झालं नसतं. पण सांगणारीचं नाव लिहून ठेवायला किती शाई लागते? आपल्या महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी जात्यावरच्या ओव्या जमवल्या, एक लाखाहून जास्त. त्यांच्या कामात ओवीसोबत गाणारीचं नाव आणि तिचं गाव येतं. तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या गावात कुणी फोन पुढे धरून ओवी म्हणा असं म्हणालं, तर जरूर म्हणा. आधी आपलं नाव आणि गाव सांगा, मग ओवी.

ए. पी. गाणी शोधत फिरायचा तेव्हा घर कोण चालवत होतं? अर्थात सारा. तीन मुलं, लाकूडफाटा, शेत, जनावरं, आणि नवरा कधी परत येणार याचा पत्ता नाही. दूरच्या कामांना साराला गाडीने ने-आण करायचं काम ए. पी.ने आपल्या नात्यातल्या भावावर सोपवलं, कॉय बेयस त्याचं नाव. दोघांचा एकमेकांवर जीव जडला. खोऱ्यात बोभाटा झाला. कॉयचं कुटुंब पश्चिमेकडे निघून गेलं, आणि 1933 साली साराने घर सोडलं. ती डोंगर ओलांडून, लहानपणी जिथे वाढली होती तिथे परत गेली. मुलं बापाकडे, गरीब खोऱ्यातल्या घरात राहिली. मधली जॅनेट तेव्हा दहा वर्षांची. 1936 साली घटस्फोट झाला.

त्या काळातल्या, त्या डोंगरातल्या बाईसाठी ही गोष्ट किती जड असेल ते आपण समजू शकतो. लोकांनी तिला नावं ठेवली. मुलांवाचून राहण्याचं दुःख तिच्या वाट्याला आलं, तसं आईवाचून राहण्याचं मुलांच्या. आम्ही यात निवाडा करणार नाही. नवल हे, की तिघांचं गाणं थांबलं नाही. घटस्फोट झालेली नवरा-बायको आणि मेबेल एका मायक्रोफोनपुढे उभी राहून घराची, आईची, देवाची गाणी म्हणत राहिली. पोट होतं त्यावर, हेही खरं.

आता रेडिओची गंमत. 1938 पासून त्यांना अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या एका रेडिओ केंद्रावर काम मिळालं. हे केंद्र ब्रिंकली नावाच्या डॉक्टराचं. पुरुषांना तरुण करतो म्हणून तो बोकडाच्या ग्रंथी बसवायचा! अमेरिकेने त्याचा रेडिओचा परवाना काढून घेतला, तर त्याने नदीपलीकडे मेक्सिकोत मनोरा उभारला. ताकद किती? पाच लाख वॅट. आपल्या सामुदायिक रेडिओला साधारण 100 वॅटची परवानगी असते, यावरून अंदाज करा. कार्टरांच्या गाण्यांमध्ये केस काळे करायच्या औषधाच्या जाहिराती यायच्या. पण आवाज मात्र देशभर पोचला. पार कॅलिफोर्नियापर्यंत. तिथे कॉय होता. साराने एकदा रेडिओवरून त्याच्यासाठी म्हणून गाणं गायलं, ते त्याने ऐकलं आणि तो निघून आला, असं सांगतात. 1939 च्या फेब्रुवारीत दोघांनी लग्न केलं, हे मात्र नक्की. पुढे सारा कॅलिफोर्नियाला गेली. 1943 साली तिघांचं गाणं संपलं.

मेबेल आपल्या तीन मुलींना, हेलेन, जून आणि अनिताला घेऊन गात राहिली. मोठ्या शहरात गेली, मोठ्या रंगमंचांवर वाजवलं. मधल्या काळात कामं कमी झाली तेव्हा हीच मेबेल आजारी म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायला रात्रपाळीला जात होती. नंतर तरुण मुलांना जुन्या गाण्यांचं वेड लागलं आणि तिला पुन्हा बोलावणी आली. 1970 साली तिथल्या कंट्री संगीताच्या मानाच्या सभागृहात गटाने निवड झालेले पहिले लोक म्हणजे हे कार्टर.

ए. पी. गरीब खोऱ्यात परतला. रस्त्याच्या कडेला त्याने छोटंसं किराणा दुकान घातलं. उत्पन्न बेताचं. 1960 साली तो गेला. जाण्यापूर्वी त्याने जॅनेटजवळ एक मागणं मागितलं: माझी गाणी विसरू देऊ नको.

जॅनेट काही मोठी गायिका नव्हती. शाळेत स्वयंपाकाचं काम करायची. पण शब्द दिला होता. 1974 साली तिने बापाचं ते बंद दुकान झाडून-पुसून काढलं आणि दर शनिवारी संध्याकाळी तिथे गाणी-बजावणी सुरू केली. दुकानात माणसं मावेनात. मग 1976 साली शेजारीच डोंगराच्या उतारावर मोठी शेड उभी राहिली. ती कुणी बांधली? ज्योने. ब्रिस्टलला कडेवर बसून गेलेलं ते बाळ आता सुतारकाम जाणणारा बाप्या झालं होतं. या जागेला 'कार्टर फोल्ड' म्हणतात. दारू चालत नाही. विजेवर वाजणारी वाद्यं चालत नाहीत. लहान-थोर, आजी-आजोबा सगळे पुढच्या मोकळ्या जागेत पायांच्या ठेक्यावर नाचतात. मेबेलच्या मुलीचा, जूनचा नवरा म्हणजे जॉनी कॅश, फार मोठा गायक. जून वारल्यावर दोन महिन्यांच्या आत, 5 जुलै 2003 ला, तो या शेडमध्येच गायला. ते त्याचं शेवटचं जाहीर गाणं. जुन्या झोपडीचंही भाग्य असंच उजळलं. मूळ जागी ती पडायला आली होती. ती उतरवून फोल्डच्या आवारात आणून पुन्हा उभी केली. दुकानात आता संग्रहालय आहे.

2005 साली जॅनेटला लोककलेचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. पुढच्या वर्षी ती गेली. आता तिची लेक हे सगळं बघते.

त्या सरकारी यादीत या वास्तूंची नावं कशी लिहिली आहेत, तेही ऐका. झोपडी आणि दुकान ए. पी. कार्टरच्या नावाने. पण राहतं घर 'ए. पी. आणि सारा कार्टर यांचं घर' असं. जी बाई ते घर सोडून गेली तिचंही नाव त्यावर आहे. आणि दुसरं घर 'मेबेल आणि एझ्रा कार्टर यांचं घर'. तिथे बायकोचं नाव आधी, मग नवऱ्याचं. हा काही मालकीचा उतारा नव्हे, इतिहासाची नोंद आहे. पण 1927 साली खुरपणीच्या बदल्यात जिला गाडीत बसवून नेलं होतं, तिचं नाव 1985 च्या कागदावर पहिलं आलं.

मेबेल 1978 साली वारली, सारा 1979 च्या जानेवारीत, कॅलिफोर्नियात. तिला मात्र गरीब खोऱ्यात आणलं आणि त्या छोट्या चर्चच्या आवारात पुरलं. त्याच आवारात ए. पी.चीही कबर आहे. दोघांच्या दगडांवर एकेक रेकॉर्ड कोरलेली आहे, गाणं एकच. तिथून फोल्डची शेड लांब नाही. शनिवारी संध्याकाळी साडेसातला तिथे गाणं सुरू होतं.